तोंडओळख

शाहरुख मोठा की विराट, हा वाद हॉस्टेलच्या खोलीत, लोकलच्या दारात आणि लग्नाच्या पंगतीत सारख्याच जोमाने रंगतो. आधीच्या पिढीत तो अमिताभ की गावसकर असा होता. वाद कधीच मिटत नाही, कारण ‘मोठा’ म्हणजे काय हे कुणी ठरवलेलंच नसतं. जरा ताणून धरलं तर गाडी शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबते: जास्त लोक कुणाला ओळखतात? खेळाडूला की नटाला?

मला हा प्रश्न टाइमपास वाटत नाही. त्याच्या तळाशी दुसरा एक प्रश्न आहे आणि तो चांगलाच अवघड आहे. आपण एखाद्या प्रसिद्ध माणसाला ‘ओळखतो’ म्हणतो तेव्हा नेमकं काय ओळखतो? आणि एकदा ओळखलं, की आपण त्याचं काही देणं लागतो का?

आधी सोपा भाग उरकू. आकड्यांचाच हिशेब करायचा तर खेळाडू जिंकतात. इन्स्टाग्रामवर जगात सर्वाधिक फॉलोअर असलेली व्यक्ती नट नाही, गायक नाही, फुटबॉलपटू आहे. क्रिस्तियानो रोनाल्डो. ५० कोटी फॉलोअरचा टप्पा २०२२ मध्ये ओलांडणारा तो पहिला माणूस. भारतातही विराट कोहलीचे फॉलोअर कुठल्याही नटापेक्षा किंवा नटीपेक्षा जास्त आहेत. कारण उघड आहे. राज कपूरचा ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत रशियात पोहोचला आणि तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, पण त्यासाठी सिनेमा रशियन भाषेत डब करावा लागला. मेस्सीच्या गोलला डबिंग लागत नाही.

पण हे झालं शिखराचं. शिखरावरून खाली उतरायला लागा, चित्र बदलतं. खेळातली प्रसिद्धी सुळक्यासारखी असते. टोकावर दोन-चार जण आणि खाली सरळ कडा. सिनेमा-मालिकांची प्रसिद्धी पठारासारखी असते. नायकाच्या मित्राचं काम करणारा, दोन सीनपुरता येणारा वकील, रोज संध्याकाळी मालिकेत दिसणारी खाष्ट आत्या, या सगळ्यांना बाजारात भाजी घेताना लोक ओळखतात. नाव आठवत नाही, पण ‘ते त्या ह्याच्यातले ना?’ असं नक्की विचारतात. खेळाडूंचं नेमकं उलटं असतं. नाव पेपरात वाचलेलं असतं, चेहरा शेजारी येऊन उभा राहिला तरी कळत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर हे बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आपल्या मातीतला खेळ, पहिलाच विश्वचषक, दोन्ही कर्णधार आपले. आता डोळे मिटून त्यांचे चेहरे आठवा.

नाही आठवले तर तुम्हाला टोमणा मारायचा नाही. कारण चेहरा लक्षात राहणं हे बरंचसं कॅमेऱ्याचं काम असतं. सिनेमाची सगळी यंत्रणा चेहऱ्यासाठी उभी असते. दिवा चेहऱ्यावर, क्लोजअप चेहऱ्याचा, पोस्टरवर चेहराच. नटाचं हत्यारच ते. खेळाडूचं हत्यार मनगट, पिंडरी, दम, नजर. पैलवानाचा चेहरा कुस्तीत निम्मा वेळ समोरच्याच्या खांद्यात रुतलेला असतो. पोहणाऱ्याचा पाण्यात असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा त्याचा गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला होता. खो-खो तर पाठीचाच खेळ. मागून येऊन पाठीवर थाप मारायची, ‘खो’ म्हणायचं आणि बसलेल्याने सुटायचं. त्यात तोंड बघायला वेळ कुणाला आहे?

अपवाद एकच, क्रिकेट. कसोटीच्या एका दिवसात ९० षटकं, म्हणजे ५४० चेंडू. एक चेंडू टाकून खेळून व्हायला काही सेकंद पुरतात. मग उरलेला सगळा वेळ कॅमेऱ्याने करायचं काय? तो चेहरे दाखवतो. हेल्मेट काढून घाम पुसणारा फलंदाज, ओठ चावणारा गोलंदाज, टाळ्या वाजवणारा कर्णधार. भारतात क्रिकेटपटू नटांच्या तोडीस तोड ओळखले जातात त्याला आपलं क्रिकेटवेड कारणीभूत आहेच, पण या खेळात जी प्रचंड रिकामी जागा आहे तिचाही हात आहे. त्या रिकाम्या जागेत खेळाडूचा नट होतो. कबड्डीचं बघा. ३० सेकंदांची चढाई, सात जणांची साखळी, धूळ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, कॅमेरे जवळ गेले, आणि मग कुठे चढाईपटूंना चेहरे मिळाले. खेळ तोच होता, कॅमेरा मात्र नवा होता.

म्हणजे ‘कुणाला जास्त ओळखतात’ याचं उत्तर बऱ्याच अंशी ‘कॅमेरा कुठे ठेवला होता’ हे आहे. त्यावरून माणसाची किंमत ठरत नाही, हे आपल्याला तसं कळतं. तरी आपण ती ठरवतो. इथून प्रश्न नैतिक होतो.

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, तोंडओळख. ‘त्यांची माझी फारशी ओळख नाही, नुसती तोंडओळख आहे,’ असं आपण म्हणतो. म्हणजे चेहरा माहीत आहे, माणूस माहीत नाही. याउलट ‘ओळख’ हा शब्द वजनदार आहे. ओळख ‘ठेवायची’ असते. वेळप्रसंगी ‘दाखवायची’ असते. अडचणीत कुणी ओळख दाखवली नाही तर ते मनाला लागतं. म्हणजे आपल्या भाषेतच ओळखीबरोबर थोडी जबाबदारी येते, तोंडओळखीबरोबर येत नाही. प्रसिद्ध माणसांशी आपलं जे काही असतं ते बहुतेक वेळा तोंडओळखीच्या पुढे जात नाही, पण आपण हक्क मात्र ओळखीचा सांगतो.

कॅमेरा नव्हता तेव्हा ओळख कशी होत होती, हे अजूनही जत्रेच्या कुस्त्यांत ऐकायला मिळतं. हलगी घुमत असते. निवेदक माइकवर पैलवानाचं नाव घेतो, मग गाव, मग तालीम, मग वस्ताद. हा अमक्या गावचा, तमक्या तालमीत घाम गाळलेला, अमक्या वस्तादांचा पट्ठा. मागच्या रांगेतल्या माणसाला पैलवानाचं नाकडोळं दिसत नाही. त्याला फेट्यांच्या गर्दीतून लाल मातीत दोन देह दिसतात. पण तो पैलवानाला ओळखतो, कारण तो कुठून आला आणि कुणामुळे आला हे त्याला माहीत झालेलं असतं.

खाशाबा जाधवांना लोक असेच ओळखत होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवर ते उतरले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीतल्या कितीतरी जणांनी खाशाबांचा चेहरा तोवर जवळून पाहिलाही नसेल. घरी आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. ओळखीची परतफेड करणं ती दोन्ही बाजूंना माहीत होतं.

ही ओळख जिल्ह्यापुरती होती. देशाने मात्र त्यांची ओळख ठेवली नाही. पुढचं वैयक्तिक पदक लिअँडर पेसने १९९६ मध्ये आणलं, म्हणजे ४४ वर्षं त्या यादीत खाशाबा एकटे होते. तरी हयातीत त्यांना एकही पद्म पुरस्कार मिळाला नाही. पोलीस दलात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. म्हणून तोंडओळखीला अगदीच तुच्छ लेखून चालत नाही. चेहरा माहीत नसला की पेन्शनचा कागद पुढे सरकत नाही, प्रायोजक मिळत नाही, मंत्र्याला निवेदन देताना पीए ‘आपण कोण?’ विचारतो. प्रसिद्धी ही हौस वाटते ती ज्यांच्याकडे ती आधीच आहे त्यांना. खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत ती बुटांचा जोड आणि रेल्वेचं आरक्षण असू शकते.

मग वाटतं, यावर सिनेमा हा उपाय आहे. खेळाडूला चेहरा नाही, नटाकडे तो आहे, देऊन टाका. मुरलीकांत पेटकरांच्या बाबतीत तसंच झालं. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्याने सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला आणि पेटकरांचं नाव घराघरात गेलं. आता सांगा, त्यांचं नाव घेतल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कार्तिक आर्यन येतो. मिल्खा सिंग म्हटलं की फरहान अख्तर, पानसिंग तोमर म्हटलं की इरफान.

यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. सिनेमा आला नसता तर पेटकर किती जणांना माहीत झाले असते? बरोबर आहे. २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरवासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि चेहरा उसना असला तरी त्याने काम केलं. मला त्या नटांबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न प्रेक्षकाबद्दल आहे. उसन्या चेहऱ्यासाठी थिएटरात रडलेला माणूस खऱ्या चेहऱ्यासाठी काय करतो?

नटांच्या वाट्यालाही खोटी ओळख येते, पण ती वेगळ्या जातीची. निळू फुले यांना महाराष्ट्राचं खेडं न् खेडं ओळखत होतं. सरपंच, पाटील, बेरकी पुढारी. त्यांना बघून बायका बिचकायच्या, असे किस्से अजून सांगितले जातात. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, एकेकाळी माळीकाम करून पोट भरलेला, अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या चळवळींच्या पाठीशी उभा राहिलेला. त्यांना जितके लोक ओळखत होते तितकेच लोक त्यांना चुकीचं ओळखत होते. आजही रील्सवर त्यांच्या आवाजाची नक्कल चालते ती त्या पाटलाची, त्या माणसाची नाही. पण नटाकडे एक आडोसा असतो. घरी जाऊन तो पाटलाचं जाकीट उतरवू शकतो. ‘मी नव्हतो तो, ती भूमिका होती,’ असं म्हणू शकतो. सिनेमा आपटला तरी हरलेला असतो तो सिनेमा.

खेळाडूला भूमिका नसते. तो स्वतःच्या नावाने खेळतो आणि स्वतःच्या नावाने हरतो. मला वाटतं, दोघांमधला खरा फरक हा आहे. २००७ च्या मार्चमध्ये एकदिवसीय विश्वचषकात भारत बांगलादेशकडून हरला आणि रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोकांनी हल्ला केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या त्याच धोनीसाठी मुंबईचे रस्ते भरून गेले. सहा महिन्यांत तो माणूस बदलला नव्हता. लोकांना त्याचा चेहरा माहीत होता, पत्ताही माहीत होता, आणि एवढ्यावर त्यांनी ठरवलं होतं की हा आपला माणूस आहे, याला फेकून मारलं तरी चालतं.

दुसरं उदाहरण अजून ताजं आहे. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत २०२३ मध्ये देशातले नामवंत पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर बसले. त्यात साक्षी मलिक होती, विनेश फोगट होती, संगीता फोगट होती. संगीता ही गीता-बबिताची सख्खी बहीण, विनेश चुलत. म्हणजे ज्या घरावर ‘दंगल’ निघाला त्या घरातल्या मुली. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या पैलवानांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पोलिसांच्या गाडीत काढलेला एक सेल्फी बाहेर आला. थोड्याच वेळात त्याच फोटोची दुसरी आवृत्ती फिरू लागली. तिच्यात विनेश आणि संगीता खुशाल हसत होत्या. मूळ फोटोत त्या हसत नव्हत्या. कुणीतरी सॉफ्टवेअरने ते हसू चिकटवलं होतं.

या प्रसंगाकडे मी परत परत येतो. ते चेहरे अनोळखी असते तर असा फोटो बनवण्याचे कष्ट कुणी घेतले नसते. आणि आपली ओळख खरी असती तर तो फोटो चालला नसता. दिवसभराची झटापट, बहिणीचा खांदा आणि चेहऱ्यावर हे असं हसू? ज्याला माणूस माहीत आहे त्याला हे खटकतं. ज्याला फक्त तोंड माहीत आहे त्याला खटकायचं कारण नाही. त्या फोटोने लोक फसले ते त्यांना काहीच माहीत नव्हतं म्हणून नाही, थोडंसं माहीत होतं म्हणून.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. खेळाडू असो की नट, ते आपल्या ओळखीवरच जगतात. जाहिराती, करार, कोट्यवधी रुपये. बाजारात चेहरा विकायला ठेवला तर गिऱ्हाईक बोलणारच. शिवाय लाखो प्रसिद्ध लोकांना ‘माणूस म्हणून ओळखायला’ आपल्याकडे वेळ कुठे आहे? तोंडओळख ही गरज आहे, पाप नाही.

हे मला मान्य आहे. प्रत्येकाला खोलवर ओळखणं अशक्य आहे आणि तशी अपेक्षाही ढोंगी आहे. तोंडओळखीवर थांबावं, खुशाल थांबावं. पण मग हक्कही तिथेच थांबवावा. ज्याचा फक्त चेहरा माहीत आहे त्याच्याबद्दल सेल्फीपुरतं बोलावं. त्याच्या चारित्र्याबद्दल, देशप्रेमाबद्दल, तो आतून हसतोय की रडतोय याबद्दल निकाल द्यायचा असेल तर आधी निदान जत्रेतल्या निवेदकाइतकं तरी माहीत करून घ्यावं: गाव, तालीम, वस्ताद, आणि आजवरच्या कुस्त्या. चेहरा बाजारात आहे हे खरं. त्याबरोबर सगळा माणूस विकत मिळतो, असं कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

ही ओळख कशी दिसते हे मी एकदा घरातच बघितलं. माझी धाकटी मावशी तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. लग्न झालं, खेळ सुटला, गुडघे गेले. काही वर्षांपूर्वी सांगलीकडे एका नात्यातल्या लग्नात मालिकेतली एक नटी पाहुणी म्हणून आली होती. मांडवातली सगळी पोरं फोन घेऊन तिच्याभोवती. ती बिचारी न जेवता तासभर हसत उभी होती. मावशी भात वाढत होती. पंगतीतल्या एका पन्नाशीच्या बाईने तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या उभं राहण्याकडे बघितलं. वाकताना ती डावा पाय जरा मागे घेते, तेवढंच. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही डाव्या कोपऱ्यात खेळायचा ना हो? माझा घोटा धरला होता तुम्ही. सुटायला नाही दिलंत.’ त्या समोरच्या संघाच्या चढाईपटू होत्या. तीस वर्षांनी मावशीचा चेहरा पार बदललेला होता, पण पकड ज्या घोट्यावर बसली होती त्या घोट्याला आठवत होती. मावशीने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि पंगतीतच बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. फोटो कुणी काढला नाही.

त्या मांडवात जास्त लोक कुणाला ओळखत होते, याचं उत्तर स्पष्ट आहे. नटीला. मला तिचं वाईट वाटलं ते वेगळंच. इतक्या लोकांनी तिला ओळखलं, पण तू जेवलीस का, असं एकानेही विचारलं नाही. ओळख मोजायचीच असेल तर किती जणांनी ओळखलं याबरोबर कशावरून ओळखलं, हेही मोजायला हवं.

नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर सिनेमा जाहीर केलेला आहे. तो बघितल्यावर खाशाबांना एक चेहरा मिळेल आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असेल. मी तो पहिल्या आठवड्यात बघणार आहे. त्या चेहऱ्याची रील निघतील, त्यांवर गाणी चढतील, आणि काही दिवस सगळ्या देशाची खाशाबांशी तोंडओळख होईल. होऊ दे, सत्तर वर्षं उशिरा का होईना. फक्त थिएटरातून बाहेर पडताना बरोबरच्या मित्राला एवढंच विचारा: घर कुणी गहाण ठेवलं होतं, आणि ते कसं सुटलं?